प्रश्न विचारणाऱ्यांना काही प्रश्न

लाइफ कोचिंगच्या बाजूने हल्ली जो युक्तिवाद होतो तो साधारण असा. एकत्र कुटुंबं मोडली, घरात विचारायला आजोबा-काका उरले नाहीत, शिक्षकांना वेळ नाही आणि समोर पर्यायांची गर्दी. अशा वेळी तरुण माणसाने वाट विचारायची कुणाला? सचिनलाही कोच लागला, मग आयुष्यासाठी कोच का नको? शिवाय कोच काही लादत नाही. उत्तरं ज्याच्या-त्याच्या आतच असतात, कोच फक्त योग्य प्रश्न विचारून ती बाहेर आणतो.

हा युक्तिवाद करणारी सगळी माणसं लबाड नाहीत. त्यातली काही फार तळमळीची आहेत, आणि ज्या अडचणीवर ती बोट ठेवतात ती अडचण खरीच आहे. पंचविशीतल्या मुलामुलींना पुढे काय करायचं ते कळत नाही, त्यांची रात्रीची झोप उडते, आईवडिलांना त्यातलं काही समजत नाही. म्हणून 'सगळा धंदा आहे' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. या युक्तिवादाला मुद्द्याने उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं आहे: दिशा माणसाच्या आत तयार होऊन बसलेली नसते. कामाशी, माणसांशी आणि जबाबदारीशी गाठ पडल्यावर ती घडत जाते. ज्याची ही गाठ अजून पडलेलीच नाही त्याला केवळ प्रश्न विचारून दिशा मिळवून देतो असं सांगणं, हेतू कितीही चांगला असला तरी, त्याची फसवणूक आहे.

खेळाडूच्या कोचचा दाखला आधी घेतो, कारण लोकांना तो चटकन पटतो. रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर काय करत होते? मुलगा कुठला पाय पुढे टाकतो, बॅट कुठून खाली येते, ते पाहत होते. स्वतः क्रिकेट खेळलेले असल्यामुळे त्यांना ते दिसत होतं. लहानग्या सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते या मैदानावरून त्या मैदानावर नेत आणि एका दिवसात जमतील तितके डाव खेळायला लावत. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. जो गोलंदाज बाद करेल त्याला ते नाणं, आणि कुणालाच बाद करता आलं नाही तर सचिनला. म्हणजे गुरूने शिष्याला खेळाची संधी दिली, तगडे गोलंदाज दिले, चूक तिथल्या तिथे दाखवली. आणि सचिन त्यांच्याकडे आला तेव्हा त्याला क्रिकेट खेळायचं आहे, हे ठरलेलं होतं.

लाइफ कोचिंगचा सिद्धांत नेमका याच्या उलट आहे. टिमोथी गॅलवे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' 1974 मध्ये आलं आणि जॉन व्हिटमोर यांचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' 1992 मध्ये. या दोन पुस्तकांवर आजच्या कोचिंगचा बराच डोलारा उभा आहे. शिकवणाऱ्याला विषय माहीत असलाच पाहिजे असं नाही, उलट माहिती आड येते, हा त्यातला लाडका विचार. बर्फावरच्या स्कीइंगच्या प्रशिक्षकांना टेनिस शिकवायला उभं केलं आणि त्यांचं शिकवणं सरस ठरलं, हा किस्सा व्हिटमोर यांच्या पुस्तकात आहे. टेनिसमध्ये ते जमलंही असेल, कारण तिथे चेंडू असतो. फटका चुकला की चेंडू जाळ्यात जातो. शिकवणाऱ्याला ओ की ठो कळत नसलं तरी खेळणाऱ्याला चूक लगेच कळते. आयुष्याच्या निर्णयात असं काही नसतं. वाट चुकली हे समजायला पाच-सात वर्षं जातात, आणि तोवर कोचचा आणि आपला संबंध कधीच संपलेला असतो. विषय न जाणणारा मार्गदर्शक आणि निकाल न सांगणारा खेळ, अशी जोडी जमल्यावर चूक पकडायची कुणी?

आता 'उत्तरं आतच असतात' या मुद्द्याकडे येतो. सगळी मदार याच्यावर आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली बी.एस्सी. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. पाण्यासाठीची पायपीट तिने जन्मापासून पाहिली आहे. भूजलशास्त्र नावाचा विषय असतो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक असतात, विहिरीची जागा ठरवायला खडकांचे थर अभ्यासावे लागतात, यातलं काहीही तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला तासभर हवे तितके खोल प्रश्न विचारा. तिच्या आतून भूजलशास्त्र बाहेर येणार नाही. डी.एड., बँक, पोलीस भरती, एमपीएससी हेच येईल, कारण तिने तेवढंच पाहिलं आहे. तिच्याकडे माहिती नाही, ओळखी नाहीत, आणि दोन महिने काहीतरी करून पाहण्याइतकी सवड व पैसा नाही. तिच्या आत खोदकाम करणारा माणूस तिला तिच्या त्याच कुंपणात फिरवतो आणि वर त्याला आत्मशोध म्हणतो.

याबद्दल अभ्यासही झाला आहे. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2018 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आवड ही ठरलेली असते, ती फक्त सापडायची असते, असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला होता, आणि आवड जोपासता-जोपासता वाढते असं मानणाऱ्यांनीही. नव्याने आवडू लागलेला विषय अवघड वाटायला लागताच पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांचा रस जास्त घसरला. 'ही माझी खरी आवड नव्हतीच' असं वाटून ते मागे सरले. 'तुझं खरं पॅशन शोध' हा मंत्र म्हणजे पहिल्या अडचणीलाच हात टेकण्याची शिकवण ठरते. ज्या मुलांना आपण चिकाटी शिकवायला हवी, त्यांना आपण असा बहाणा शिकवतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कार्यशाळांमधून जे ज्ञान म्हणून वाटलं जातं, तेही तपासायला हवं. चार वर्तुळांची ती 'इकिगाई'ची आकृती आता मराठी मुलांच्याही वह्यांत आहे: जे आवडतं, जे जमतं, ज्याची जगाला गरज आहे, ज्याचे पैसे मिळतात. हे प्राचीन जपानी शहाणपण म्हणून सांगितलं जातं. ती आकृती जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने काढलेली 'पर्पज'ची वर्तुळं मार्क विन या ब्रिटिश लेखकाने 2014 मध्ये उचलली, मधला शब्द बदलून तिथे 'इकिगाई' लिहिलं, आणि आकृती जगभर पसरली. जपानमध्ये या विषयावरचं पायाभूत पुस्तक मिएको कामिया यांचं, 1966 चं. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत होत्या. कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडणारा कायदा जपानने थेट 1996 मध्ये रद्द केला. म्हणजे कामिया ज्यांच्याशी बोलत होत्या त्यांना ते बेट सोडून जाण्याचीही मुभा नव्हती. तोच आजार, तेच बेट, तरी काहींना जगणं पोकळ वाटतं आणि काहींना वाटत नाही, हे का, असा त्यांचा प्रश्न होता. त्या माणसांच्या आयुष्यात 'ज्याचे पैसे मिळतात' हे वर्तुळ कुठे बसवणार? आनंदवन पाहिलेल्या मराठी माणसाला कामियांचा प्रश्न सहज कळेल. आपल्या मुलांपर्यंत पोचली मात्र ती आकृती.

दुसरं उदाहरण येल विद्यापीठाचं. 1953 च्या वर्गातल्या फक्त 3 टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून काढली होती, आणि वीस वर्षांनी त्या 3 टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' या अमेरिकन मासिकाने 1996 मध्येच त्याचा माग काढला होता, आणि गोष्ट सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. इतक्या वर्षांनंतरही ती गोष्ट तशीच सांगितली जाते. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या 'डीएमआयटी'चीही तीच गत. तिला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने जाहीरपणे सांगितलं, तरी शाळांच्या पालकसभांत तिचे स्टॉल लागतात. ज्या व्यवसायाला स्वतःच्या दाखल्यांची शहानिशा करायची गरज वाटत नाही, त्याच्या हाती आयुष्याचे निर्णय द्यायचे कसे?

बार्शीकडच्या एका मुलाची लाइफ कोचिंगची फाइल मी पाहिली आहे. माझ्या मित्राचा भाचा. मेकॅनिकल इंजिनिअर, वय सत्तावीस, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी ट्रेनी. करार अकरा महिन्यांचा, तो संपला की दुसऱ्या कारखान्यात पुन्हा ट्रेनी. चार वर्षं हेच चाललेलं. आधी 99 रुपयांचा वेबिनार, मग हॉटेलच्या हॉलमधली दोन दिवसांची कार्यशाळा, मग तीन महिन्यांचं वैयक्तिक कोचिंग. फी हप्त्याने भरली, त्यासाठी मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून कर्ज काढलं. फाइलमध्ये 'व्हील ऑफ लाइफ' होतं: एक वर्तुळ, त्याचे आठ भाग, प्रत्येकाला दहापैकी गुण. 'करिअर'ला त्याने 4 दिले होते. खाली छापील प्रश्न, 4 चे 6 करण्यासाठी तू काय करशील? त्याखाली त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पहाटे पाचला उठेन, तक्रार करणार नाही, सुपरवायझरला दोष देणार नाही, रोज दहा मिनिटं ध्येय डोळ्यांसमोर आणेन.

ते पान मी बराच वेळ पाहत होतो. त्यात कराराचा शब्द नव्हता. चार वर्षं सतत काम करूनही तो कायम का झाला नाही, कामगार कायदा काय म्हणतो, त्याच्याबरोबरचे इतर ट्रेनी काय करत आहेत, वेल्डिंग इन्स्पेक्शनसारखा एखादा अभ्यासक्रम केला तर पुढे काय मिळू शकतं, यातलं काहीही नव्हतं. चाकणमधल्या नोकरीच्या बाजाराचा प्रश्न त्याच्या पहाटे उठण्याचा प्रश्न होऊन बसला होता. 'मर्यादा फक्त तुझ्या मनात आहेत' हे वाक्य त्याने वहीत तीनदा लिहिलं होतं. ज्याची मर्यादा त्याच्या करारपत्रात छापलेली आहे, त्याच्याकडून हे वाक्य लिहून घेणं मला क्रूर वाटतं. त्याने पुढे काय करायचं ठरवलं? तो आता कोच होण्याचा अभ्यासक्रम करणार आहे, त्याच संस्थेचा, आधीच्या फीच्या दुपटीने. दिशा शोधायला आलेल्या इतक्या जणांना 'इतरांना दिशा दाखवणं' हीच दिशा सापडावी, याचा विचार या क्षेत्रातल्या प्रामाणिक माणसांनी करायला हवा.

एकत्र कुटुंबाचा मुद्दा निम्मा खरा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुठे भरती चालू आहे ते ठाऊक असायचं, ते चार जणांकडे शब्द टाकायचे, आणि सल्ला चुकला तर परिणाम त्यांनाही भोगावा लागायचा. कोचचं तसं काहीच पणाला लागलेलं नसतं. पण त्या कुटुंबांचे गोडवेही मी गाणार नाही. तिथे मुलींची दिशा त्या जन्मताच ठरलेली असे, आणि जात सांगेल तेच काम करायचं असे. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या पोराला नवी वाट मिळाली ती घराबाहेरच्या संस्थांमुळे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' रुजवलं. त्यांनी मुलांना राहायला जागा दिली, पुस्तकं दिली, हाताला काम दिलं आणि वेगवेगळ्या गावांची, जातींची माणसं शेजारी आणून बसवली. त्यातून कुणी शिक्षक झाला, कुणी वकील, कुणी शास्त्रज्ञ. वाट दिसण्यासाठी आधी पायाखाली जमीन लागते, आणि ती या संस्थांनी दिली.

आजही असे प्रयत्न आहेत आणि ते कोचिंगपेक्षा मुळातून वेगळे आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये 'निर्माण' सुरू केलं. तिथेही प्रश्न तोच, मी माझ्या आयुष्याचं काय करू? पण तिथे तरुणांना गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये नेऊन कुपोषण, दारू, पाणी, शाळा यांच्यासमोर उभं केलं जातं, आणि शिबिरांच्या मधल्या काळात प्रत्यक्ष काही करून पाहायला सांगितलं जातं. त्यातून कित्येक तरुण डॉक्टर दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉ. आनंद नाडकर्णींच्या ठाण्याच्या संस्थेने चालवलेला 'वेध'सुद्धा असाच. वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं व्यासपीठावर येतात, कुठे अडलो, काय चुकलं ते सांगतात, आणि समोर बसलेल्या मुलाला कळतं की असंही काम असतं. दोन्हीकडे मुलांना आधी जग दाखवलं जातं.

सरकारने मात्र इथे हात आखडता घेतला, हेही सांगायला हवं. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कलमापन चाचणी झाली. अहवाल मिळाले, पण ते घेऊन मुलाशेजारी बसणारा समुपदेशक बहुतेक शाळांत नव्हता. पुढे चाचणीही थांबली. मोकळी राहिलेली ही जागा बाजाराने भरली, त्याचा दोष एकट्या कोचच्या माथी मारता येणार नाही.

कोचिंगचा उपयोग होतो असं दाखवणारं संशोधन आहे, आणि ते मी नाकारत नाही. टिम थेबूम आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कामगिरी, मनःस्वास्थ्य, ताण पेलणं, कामाबद्दलची वृत्ती आणि ध्येयाच्या दिशेने स्वतःला चालतं ठेवणं, या पाचही बाबतींत त्यांना चांगला परिणाम दिसला. पण तो आढावा कंपन्या-संस्थांमधल्या कोचिंगचा होता. तिथली माणसं नोकरीत स्थिर असतात, काय साधायचं ते बरंचसं ठरलेलं असतं आणि फी अनेकदा कंपनी भरते. ठरलेल्या कामात शिस्त आणायला कोचची मदत होते, हे मला मान्य. त्यावरून गोंधळलेल्या बेरोजगार मुलाला जीवनकार्य सापडवून देता येतं, हे सिद्ध होत नाही. कंपनीतल्या मॅनेजरवरचा पुरावा दाखवून बार्शीच्या मुलाकडून फी घेणं बरोबर नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट अजून सांगायची आहे. 'काही सुचत नाही, काही करावंसं वाटत नाही' असं म्हणत येणाऱ्यांपैकी काही जण दिशाहीन नसतात, आजारी असतात. नैराश्याची ती लक्षणं असतात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय परिषदेकडे. लाइफ कोच व्हायला कुठलीही नोंदणी, कुठलीही परीक्षा कायद्याने लागत नाही. थॉमस लिओनार्ड या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने 1995 मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन काढलं, आणि ही संस्था 100, 500 आणि 2,500 तासांच्या अनुभवावर तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रं देते. तिची आचारसंहिताही आहे. पण तिचं सदस्य होणं ऐच्छिक. आठवड्याच्या शेवटी प्रमाणपत्र घेतलेला माणूस सोमवारी पाटी लावू शकतो, आणि नैराश्यात बुडालेल्या मुलीला तिच्या 'नकारात्मक समजुती' लिहून काढायला सांगू शकतो. ज्या दिवसांत तिला औषधाची गरज होती, ते दिवस असे गेले तर जबाबदार कोण?

कायद्यात इथे पोकळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण रोख आहे शिकवणीच्या क्लासेसवर; समुपदेशन, खेळ, नृत्य त्यातून वगळलं आहे. लाइफ कोच ना शिकवणीत सापडतो, ना उपचारात. त्याच्यासाठी नोंदणी, शिक्षणाची किमान अट आणि फी परत करण्याचा नियम राज्याने करावा, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे करायला हवी.

तोवर आईवडिलांना आणि तरुण वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्याआधी कोचकडून लेखी घ्या: त्याचं शिक्षण काय, त्याने तुमच्या क्षेत्रात स्वतः काय काम केलं आहे, आजाराची लक्षणं दिसली तर तो कुणाकडे पाठवणार, आणि फी कधी परत करणार. लिहून द्यायला तयार नसेल तर पैसे भरू नका. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर कोचकडे जाऊच नका, सरकारच्या टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. आणि मनात एखाद्या कामाचं आकर्षण असेल, तर ते काम करणारं कुणीतरी तुमच्या तालुक्यात नक्की आहे. त्याचा पत्ता काढा, दोन महिने बिनपगारी राहावं लागलं तरी त्याच्या हाताखाली राहा. कोचची फी वाचवलीत तर तेवढ्या दिवसांचा खर्च त्यातून निघेल.